आजोबांच्या मागची भिंत पुसू नका
(जुने फोटो दुरुस्तीला देणाऱ्या ग्राहकांसाठी)

जुना फोटो घेऊन येणारे बरेच जण काउंटरवर एकच सांगतात, "आजोबा तेवढे ठेवा, मागचं सगळं काढून पांढरं करा." पूर्वी आम्हीही मुकाट्यानं करून द्यायचो. आता आधी दोन मिनिटं बसायला सांगतो.

मध्यंतरी एक पोस्टकार्ड साईझचा फोटो आला. डोक्यावर टोप्या घातलेले तिघे, मधल्याच्या हातात जेवणाचा डबा. घरच्यांना फक्त मधले हवे होते. स्क्रीनवर मोठा करून पाहिला तर मागे दगडी भिंत, भिंतीला टेकवलेली सायकल आणि कडेला अर्धाच आलेला एक अनवाणी पोरगा, कॅमेऱ्याकडे टक लावून बघणारा. सोबत आलेली नात म्हणाली, "ही जुन्या गिरणीची भिंत. आजी इथंच डबा द्यायला यायची." पांढरं करायचा विषय तिथंच संपला.

जुनी गिरणी म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग. १८७७ सालची, मोरारजी गोकुळदासांनी उभी केलेली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या आणि ही 'जुनी' झाली. ऑगस्ट १९४९ मध्ये ती बंद पडली, कामगार रस्त्यावर आले आणि जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून कारभार हातात घेतला. त्यावरून एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला. राज्यघटना तेव्हा नवी कोरी होती. कायद्याचे विद्यार्थी तो खटला अजून वाचतात. एवढं असूनही वास्तू काही कुणी जपली नाही, आवारातलं बरंचसं बांधकाम गेलं. इंद्रभुवनचं नशीब बरं. अप्पासाहेब वारदांची ती हवेली महापालिकेची कचेरी झाली, म्हणून उभी राहिली. तिचा फोटो उद्याही काढता येईल. गिरणीचा जो काय आहे तो तुमच्या ट्रंकेत आहे.

म्हणून आमची पद्धत अशी : आधी अख्खा फोटो, फाटक्या कडांसकट, जसा आहे तसा स्कॅन करतो. ती प्रत तुम्हाला वेगळी मिळते. आजोबांची एकट्याची फ्रेम हवी असेल तर ती त्यानंतर. तीन बाय चार इंचांचा फोटो दर इंचाला १२०० ठिपक्यांनी स्कॅन केला की १२ बाय १६ इंचांची प्रिंट स्वच्छ निघते. मूळ फोटोच हललेला असेल तर मात्र कितीही ठिपके घ्या, उपयोग नाही.

काळ्या भागावर चांदीसारखी चमक आली असेल तर घाबरू नका. कागदातली चांदीच वर आलेली असते. कापडानं पुसाल तर चित्रही जाईल. असे फोटो आम्ही स्कॅनरवर न घेता कॅमेऱ्यानं, तिरप्या उजेडात घेतो. पिवळेपणाचं कारण बहुतेक वेळा हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, नीट धुतला न जाणं. पाण्याची चणचण आपल्या गावाला नवी नाही, तेव्हा धुलाई कशी झाली असेल याचा अंदाज येतो!

काचेला चिकटलेला फोटो घरी सोडवू नका. फ्रेमसकट आणा, काचेवरूनच घेऊ. चिकटपट्टी, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यांतलं काहीही करू नका. लॅमिनेशन काढता येत नाही, हे आम्ही रोज कुणाला तरी सांगतो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटोही ओढून काढू नका, अल्बमच आणा.

मोबाइलवरच्या ॲपनं चेहरा 'साफ' करून आणलेले फोटो हल्ली खूप येतात. ॲप चेहरा साफ करत नाही, अंदाजानं दुसरा बसवतं. नाक सरळ होतं, देवीचे व्रण जातात, आणि आत्या म्हणते, "हे आमचे अण्णा नव्हेत." रंग भरण्याचंही तसंच. फेटा कुठल्या रंगाचा होता हे कृष्णधवल फोटोला माहीत नसतं. आग्रह असेल तर करून देतो, पण वेगळ्या प्रतीवर आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून.

फोटोच्या पाठीवर बघायला विसरू नका. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेलं गिरणीतलं खातं, पाळी, कधी नुसतं "बोनसच्या दिवशी". तीही बाजू आम्ही स्कॅन करतो, तिचे पैसे लावत नाही. तुम्हाला नावं लिहायची असतील तर मऊ पेन्सिल वापरा, बॉलपेन पुढून उमटतं.

कामाचा दर आम्ही फोटो पाहून सांगतो, काम सुरू करण्याआधी. मूळ फोटो शक्यतो त्याच दिवशी परत देतो, दुकानात ठेवून घेत नाही.

घरात काचेच्या निगेटिव्ह सापडल्या तर एकीवर एक रचू नका. प्रत्येकीला कागद गुंडाळून डब्यात उभ्या लावा आणि रिक्षात डबा मांडीवर घेऊन बसा.