मालवणला गरवायला जायचंय? आधी तिथी बघा

गरवणं म्हणजे गळाने मासे पकडणं. त्यासाठी मुंबई-पुण्याची हौशी मंडळी मालवणचा बेत आखतात तो सुट्ट्या बघून. रॉड, रीळ, राहण्याची सोय, रात्रीच्या जेवणात सोलकढी मिळणार की नाही, सगळं आधी ठरतं. पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार, हे मात्र किनाऱ्यावर उभं राहिल्यावर कळतं. मग तिथला एखादा म्हातारा सांगतो, "भांगाचा पाणी आसा, मासो खंय गावतलो?" (भांगाचं पाणी आहे, मासा कुठे मिळणार?) आणि बहुधा त्याचंच खरं होतं.

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची मंद भरती-ओहोटी. समुद्राचं पाणी चंद्र उचलतो तसा सूर्यही उचलतो, पण सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी, साधारण 46 टक्के. अमावस्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात, तेव्हा 100 आणि 46 यांची बेरीज होते. ते उधाण. अष्टमीला दोघे काटकोनात असतात, तेव्हा वजाबाकी होते आणि 54 उरतात. म्हणजे निव्वळ हिशोबाने उधाण भांगाच्या पावणेतीनपट. प्रत्यक्षात किनाऱ्याचा आकार आणि समुद्रतळाचा उतार यांमुळे आकडे बदलतात. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, मालवणला त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिवाय सर्वांत मोठं उधाण अमावस्या-पौर्णिमेच्या दिवशीच येत नाही, एक-दोन दिवस उशिरा येतं. हा उशीर आपल्या कामाचा आहे.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना तोंडी हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. त्या वेळेला पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. कृष्ण पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. घड्याळाशी तिथीचा संबंध काय, असं वाटेल. पण तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यात पडलेलं 12 अंशांचं अंतर. पृथ्वीला 1 अंश वळायला 4 मिनिटं लागतात, म्हणजे 12 अंशांना 48. प्रत्येक तिथीला भरती तेवढीच पुढे सरकते. तोंडी हिशोबाने 48 चे 45 केले, कारण पाऊणपट डोक्यात करता येते. ही 3 मिनिटांची तूट साठत जाते. म्हणून पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येतं, जिथे मुंबईची भरती खरी बाराच्या सुमाराला असते. मालवणात ती मुंबईच्या आधीच येते, तेव्हा बेत आखायला पाऊणपट पुरे. शेवटचा शब्द मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांचा.

आता हे नीट जुळवून बघा. उधाणाच्या दिवशी भरती दुपारी आणि मध्यरात्री येते, कधीही सकाळी सहाला येत नाही. उजाडताना पाणी तळाला टेकलेलं असतं. द्वितीया ते चतुर्थी मात्र भरती रात्री दीड ते तीनच्या दरम्यान होऊन जाते आणि पहाटे पाणी जोरात खाली धावत असतं. उधाणाचा जोरही अजून ओसरलेला नसतो. कोळंबच्या खाडीवर किंवा देवबागला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, गळ टाकायचा असेल तर मी हेच दिवस धरीन.

ओहोटी चालू असताना खाडीच्या काठाशी पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. तिवरांच्या मुळांवर वीतभर ओला पट्टा उघडा पडलेला असतो. चिखलातल्या बारीक पाणवाटा रिकाम्या होत असतात आणि त्यांतून सुंगटं (कोळंबी), बोय माशांची पिल्लं नाइलाजाने बाहेर ढकलली जातात. पाणवाट मोठ्या प्रवाहाला मिळते तिथे पाण्यावर एक रेघ दिसते: एका बाजूला फेस आणि वाळकी पानं, दुसरीकडे वेगाने जाणारं नितळ पाणी. चणाक, म्हणजे रायगडकरांचा जिताडा, या रेघेच्या संथ बाजूला प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. तो पाठलाग फारसा करत नाही. जबडा एकदम उघडला की तोंडातला दाब पडतो आणि पाण्यासकट सुंगट आत ओढलं जातं. म्हणून आमिष प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून वाहत येऊ द्यायचं. प्रवाहाविरुद्ध पोहणारं सुंगट त्याने क्वचितच पाहिलेलं असतं.

या माशाबद्दल आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. चणाक आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. साधारण 80-90 सेंटिमीटरच्या पुढची बहुतेक माद्याच, आणि एकेक मादी लाखोंनी अंडी घालते. फोटोसाठी हवा असलेला सर्वांत मोठा मासा म्हणजे नेमकी हीच. खडकातल्या गोब्रा माशाचं उलटं: तो आधी मादी, मग नर. मोठे गोब्रे वेचून काढले तर नर संपतात. दोन्हीकडे मधल्या आकाराचा मासा ठेवावा आणि मोठा सोडावा. पाण्याबाहेर काढायचाच झाला तर ओल्या हातांनी, पोटाखाली आधार देऊन. जबड्याला लटकवून नको.

खडकांवर जाणार असाल तर वाऱ्यापेक्षा लांबून येणाऱ्या लाटांचं भान ठेवा. दक्षिण महासागरातल्या वादळाच्या लाटा हजारो किलोमीटर कापून काही दिवसांनी आपल्याकडे पोचतात. इथे आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, आणि पंधरा-वीस सेकंदांच्या अंतराने येणारी एखादी लाट अचानक खडकाच्या माथ्यावरून जाते. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज बघूनच निघा. खडकावर चढण्याआधी पंधरा-वीस मिनिटं दुरून लाटा पाहा. माथा ओला दिसला तर तिथे उभं राहायचं नाही. हिरवं शेवाळ असेल तर प्रश्नच नाही.

कायद्याचं थोडक्यात. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाभोवतीच्या त्याच्या गाभा क्षेत्रात मासेमारीला मनाई आहे, तेव्हा किल्ल्याच्या तटाखाली गळ टाकू नका. यांत्रिक नौकांना पावसाळ्यात बंदी असते. पश्चिम किनाऱ्यावर ती एरवी 1 जूनपासून 61 दिवस. त्या वर्षीचा आदेश बघून घ्यावा. तसंही पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी वर आणि खारं खाली असे थर होतात. पाणी पुन्हा खारं आणि निवळ व्हायला दिवाळी उजाडते.

साहित्यावर फार खर्च नको. गळाजवळ हातभर फ्लोरोकार्बनची दोरी लावा. तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) पाण्याच्या जवळचा, 1.42, नायलॉनचा 1.5 च्या वर आणि पाण्याचा 1.33, म्हणून ती नितळ पाण्यात कमी दिसते. रीळ मात्र रोज रात्री गोड्या पाण्याने धुवा.

सुट्टी शनिवार-रविवारीच मिळत असेल तरी हरकत नाही. उधाण पावणेपंधरा दिवसांनी फिरून येतं, दोन आठवडे चौदा दिवसांचे. त्यामुळे एक शनिवार जुळला की एकाआड एक शनिवार जुळत जातात. दर खेपेला तिथी सुमारे पाऊणने मागे येते. आज चतुर्थीला सापडलेला शनिवार दोन महिन्यांनी प्रतिपदेवर येईल. तोवर उजाडताना ओहोटी संपत आलेली असेल. तेव्हा खाडी सोडून खडकांकडे जावं, सातनंतरच्या चढत्या पाण्यावर.