एरिक डॉल्फी नशेने गेला नव्हता

जॅझची गोष्ट निघाली की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘एरिक डॉल्फी? तोही ड्रग्जनेच गेला ना!’ नाही. डॉल्फी हा अमेरिकन जॅझ वादक ड्रग्ज घेत नव्हता, दारूलाही शिवत नव्हता. २९ जून १९६४ रोजी बर्लिनमध्ये तो गेला तो मधुमेहाने. आपल्याला हा आजार आहे, याचा त्याला पत्ताच नव्हता. नुकतीच छत्तिशी पुरी झाली होती.

गैरसमज का पसरला, हे कळण्यासारखं आहे. जॅझमधला नामवंत सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर हेरॉइनच्या विळख्यात सापडून १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेला. तेव्हापासून तरुणपणी मेलेला सॅक्सोफोनवाला म्हणजे व्यसनी, हे लोकांनी ठरवूनच टाकलं. शिवाय इन्सुलिन कमी पडून रक्तात साखर आणि आम्ल साचलं की माणूस पेंगतो, बरळतो, शेवटी बेशुद्ध पडतो. लांबून पाहणाऱ्याला ती नशाच वाटते.

खरा डॉल्फी म्हणजे झपाटल्यासारखा रियाज करणारा माणूस. अल्टो सॅक्सोफोन, बासरी, बेस क्लॅरिनेट, तिन्हींवर हुकमत. लॉस एंजेलिसच्या घरी पक्ष्यांच्या आवाजाबरोबर तो बासरी वाजवायचा. दोन स्वरांच्या मधल्या फटीत पक्षी गातात, तिथे त्याला पोचायचं होतं.

जाता जाता आणखी एक. २ जून १९६४ ला नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसममध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘लास्ट डेट’ हा अल्बमसुद्धा त्याचं शेवटचं वादन नव्हे. त्यानंतर तो पॅरिसमध्ये वाजवत होता.