फोनचे नेट लॅपटॉपला : पुण्यातील एका सवयीची पार्श्वभूमी

सदाशिव आणि नारायण पेठेतील अभ्यासिकांमध्ये, कोथरूडच्या कॉट बेसिसवरच्या खोल्यांत किंवा हिंजवडीच्या बसमध्ये मांडीवर लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाला आज इंटरनेट कुठून मिळते, असे विचारले तर उत्तर बहुतेक वेळा एकच असते : खिशातल्या फोनवरून. हॉटस्पॉट सुरू करायचा, पासवर्ड टाकायचा आणि कामाला लागायचे. ही सोय स्मार्टफोनबरोबर आली असा सर्वसाधारण समज आहे, परंतु तो बरोबर नाही. फोनला मोडेम म्हणून, म्हणजे संगणकाला टेलिफोनच्या जाळ्याशी जोडणारे यंत्र म्हणून, वापरण्याची क्षमता स्मार्टफोनच्या पुष्कळ आधीपासून अस्तित्वात होती. ती कोणी, केव्हा आणि किती वापरायची, हे मात्र यंत्रापेक्षा दरपत्रकांनी आणि सरकारी नियमांनी अधिक ठरवले.

या गोष्टीची मुळे तारेच्या टेलिफोनात आहेत. अमेरिकेतील हेज या कंपनीने १९८१ मध्ये आपल्या मोडेमसाठी काही आज्ञा निश्चित केल्या. त्या ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होत, आणि संगणकाने त्या पाठवल्या की मोडेम नंबर फिरवी, लाइन उचली किंवा खाली ठेवी. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा ते याच पद्धतीने घरोघरी पोहोचले. विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यावर केवळ अक्षरे दिसत, चित्रे नव्हेत. इंटरनेट चालू असेपर्यंत घरचा फोन अडकून राहत असे, आणि टेलिफोनच्या बिलात कॉलचे पैसे वेगळे लागत ते निराळेच.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्यात मोबाइल आला, तेव्हा महाराष्ट्र परिमंडळात बिर्ला एटीअँडटी आणि बीपीएल या दोन कंपन्यांकडे परवाने होते. त्या काळच्या जीएसएम या मोबाइल तंत्रावरच्या फोनमधून डेटा पाठवता येत असे, मात्र सेकंदाला ९.६ किलोबिट या वेगाने. एक एमबीचे छायाचित्र उतरवायला त्या हिशेबाने सगळे सुरळीत चालले तरी चौदा-पंधरा मिनिटे लागली असती, आणि तेवढा वेळ कॉलचे मीटर पळत राहिले असते. साहजिकच ही सोय कागदावरच राहिली.

खरी सुरुवात जीपीआरएसने झाली. या तंत्रात संपूर्ण कॉल अडवून न ठेवता माहिती तुकड्यातुकड्यांनी पाठवली जाते, त्यामुळे मिनिटांऐवजी वापरलेल्या किलोबाइटवर आकारणी करणे शक्य झाले. फोन लॅपटॉपला जोडण्याचे तीन मार्ग होते. पहिला डेटा केबलचा, जी बहुतेकदा वेगळी विकत घ्यावी लागे. दुसरा इन्फ्रारेडचा, ज्यात फोनच्या कडेची काळी काच लॅपटॉपच्या तशाच काचेसमोर धरून दोन्ही यंत्रे टेबलावर स्थिर ठेवावी लागत आणि मध्ये चहाचा कप आला तरी जोडणी तुटे. तिसरा ब्लूटूथचा, जो फोन आणि लॅपटॉप दोन्हींमध्ये ब्लूटूथ असण्याइतकी ऐपत असलेल्यांसाठी होता. जोडणी कोणतीही असो, संगणकाच्या दृष्टीने फोन हा मोडेमच होता. म्हणून डायल-अपचीच, म्हणजे नंबर फिरवून जोडणी करण्याचीच खिडकी उघडायची, नंबराच्या जागी *९९# टाकायचे आणि ‘डायल’ म्हणायचे. कुठलाही नंबर प्रत्यक्षात फिरत नसे, तरी हेजच्या जुन्या एटी आज्ञाच फोनकडे जात. जुन्या व्यवस्थेचे सोंग घेऊन नवी व्यवस्था घरात शिरण्याचे इतके नमुनेदार उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

सीडीएमए या जीएसएमहून वेगळ्या मोबाइल तंत्रावर चालणाऱ्यांचा कारभार याहून सुटसुटीत होता. २००२ च्या अखेरीस रिलायन्स इन्फोकॉमने या तंत्रावरची सेवा सुरू केली आणि तिच्या फोनमधून कागदोपत्री सेकंदाला १४४ किलोबिटपर्यंत वेग मिळू शकत होता. येथे #७७७ डायल करायचे, आणि युजरनेम व पासवर्ड या दोन्ही ठिकाणी आपलाच मोबाइल नंबर टाकायचा. ज्या इमारतीत लँडलाइनसाठी अर्ज करून वाट पाहावी लागे, तेथे भाड्याने राहणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होता.

जीएसएमच्या बाजूला मात्र दरपत्रकाने एक अडसर घालून ठेवला होता, आणि तो आज अनेकांच्या विस्मरणात गेला आहे. कंपन्या फोनवर इंटरनेट पाहण्याचे आणि संगणकावर वापरण्याचे पॅक वेगवेगळे विकत. फोनच्या सेटिंगमध्ये एपीएन नावाची एक ओळ असते; फोनने कंपनीच्या जाळ्यातील कोणत्या दारातून बाहेर पडायचे, ते ती सांगते. एक दार कंपनीच्या स्वतःच्या पोर्टलकडे आणि मोबाइलसाठीच्या हलक्या पानांकडे जाई, तर दुसरे खुल्या इंटरनेटकडे. पहिल्याचा पॅक स्वस्त, दुसऱ्याचा महाग. स्वस्त पॅकवाल्या फोनला लॅपटॉप जोडला तर एक तर काहीच उघडत नसे, किंवा चुकून दुसऱ्या दारातून गेल्यास प्रीपेडचा बॅलन्स पाहता पाहता शून्यावर येई. मग स्वस्त दारावरच्या प्रॉक्सीचा, म्हणजे मधल्या संगणकाचा, पत्ता ब्राउझरमध्ये भरून लॅपटॉपलाही त्याच वाटेने बाहेर काढण्याच्या क्लृप्त्या हॉस्टेलांमध्ये तोंडी पसरल्या. अभियांत्रिकीच्या मुलांना नेटवर्किंगचा पहिला खरा धडा वर्गात नव्हे, तर या खटपटीत मिळाला असे म्हटल्यास फारसे वावगे ठरू नये.

याच काळात घरगुती ब्रॉडबँडही येत होते. ऑक्टोबर २००४ च्या धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट या वेगाला ब्रॉडबँड म्हटले, आणि पुढच्या वर्षी बीएसएनएलची डेटावन सेवा सुरू झाली. तिच्या लोकप्रिय योजनेत रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोफत असल्याने अनेक घरांत संगणक रात्रभर जागा असे. परंतु ती जोडणी लँडलाइनला आणि घराच्या मालकाला बांधलेली होती. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आलेल्या आणि अकरा महिन्यांच्या करारावर खोल्या बदलत राहणाऱ्या मोठ्या वर्गाला तिचा उपयोग नव्हता, आणि पुण्यात हा वर्ग नेहमीच मोठा राहिला आहे.

फोन वाय-फाय प्रक्षेपित करू लागला तेव्हा तांत्रिकदृष्ट्या वेगळी गोष्ट घडली. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला तोच मुळी जानेवारी २००५ मध्ये. २००८ च्या सुमारास सिम्बियन या प्रणालीवरच्या फोनसाठी जॉइकूस्पॉटसारखी ॲप आली, आणि मे २०१० मध्ये जाहीर झालेल्या अँड्रॉइड २.२ मध्ये हॉटस्पॉट अंगभूत मिळाला. आयफोनवर तो मार्च २०११ च्या आयओएस ४.३ ने सर्वत्र आला. यात फोन मोडेम राहत नाही, राउटर होतो. तो स्वतःचे एक छोटे जाळे उभारतो, जोडलेल्या प्रत्येक यंत्राला खासगी पत्ता देतो आणि सर्वांची मागणी आपल्या एकाच पत्त्यावरून बाहेर पाठवतो. जुन्या अँड्रॉइड फोनच्या हॉटस्पॉटला लॅपटॉप जोडून गेटवे, म्हणजे लॅपटॉप ज्याच्यामार्फत बाहेर जातो तो पत्ता, पाहिला तर तेथे हमखास १९२.१६८.४३.१ हा आकडा दिसे. तो फोनचाच पत्ता होय. डायल करणे, युजरनेम, एटी आज्ञा हे सगळे लॅपटॉपच्या नजरेआड गेले.

अमेरिकेत या सोयीवरून चांगलीच ओढाताण झाली. एटीअँडटीने जून २०१० मध्ये आयफोनवर टेदरिंग, म्हणजे फोनचे नेट लॅपटॉपला देण्याची सोय, दिली ते महिन्याला २० डॉलर जादा घेऊन, आणि त्या पैशांत एक बाइटही अधिक डेटा नव्हता. व्हेरायझनने हॉटस्पॉटची बाहेरची ॲप अडवल्याच्या प्रकरणात २०१२ मध्ये १२.५ लाख डॉलर भरून तडजोड केली. भारतात हॉटस्पॉटवर असे स्वतंत्र शुल्क रुजले नाही. ग्राहकाने घेतलेला मोजका डेटा फोनवर संपवला काय आणि लॅपटॉपवर संपवला काय, कंपनीला दोन्ही सारखेच. उलट लॅपटॉपवर तो लवकर संपे आणि पुढचा रिचार्ज लवकर होई.

मध्यंतरी काही वर्षे डोंगलची गेली. २०१० च्या लिलावात सरकारला थ्रीजी लहरींचे ६७ हजार कोटींहून अधिक रुपये मिळाले, आणि ती रक्कम वसूल करायची तर डेटा स्वस्त ठेवणे कंपन्यांना परवडणारे नव्हते. यूएसबीत खोचायच्या या डोंगलला वेगळे सिम, वेगळे बिल, वेगळे केवायसी असे. भारती एअरटेलने फोरजीसाठी कोलकाता आणि बेंगळुरूनंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये पुणे निवडले, परंतु ती सेवाही प्रथम डोंगल आणि घरात ठेवायच्या यंत्रांवरच होती, कारण त्या लहरींवर चालणारे फोन ग्राहकांच्या हाती नव्हते. वेगाच्या बाबतीत पुणे देशात पुढे असताना खिशातला फोन मात्र टूजी-थ्रीजीवर चालला होता.

चहा-कॉफीच्या ठिकाणी मिळणारे सार्वजनिक वाय-फाय हा पर्याय पुण्यात का फोफावला नाही, याचे एक कारण जुलै २००८ मध्ये सापडते. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी पाठवलेला ईमेल नवी मुंबईतील एका उघड्या वाय-फायवरून गेल्याचे तपासात आढळले. त्यानंतर दूरसंचार विभागाने फेब्रुवारी २००९ मध्ये वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या आणि वापरकर्त्यांची ओळख नोंदवण्याच्या सूचना काढल्या, आणि २०११ च्या नियमांनी सायबर कॅफेंना ओळखपत्र पाहणे व नोंदी जपून ठेवणे बंधनकारक केले. फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत बसून ओटीपीची वाट पाहण्यापेक्षा स्वतःचा हॉटस्पॉट लावणे सोपे, हा हिशेब लोकांनी आपोआप केला. रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल आणि गूगलने २०१६ मध्ये पुणे स्थानकावर मोफत वाय-फाय आणले तेव्हा त्याचा वेग उत्तम होता आणि फलाटांवर त्यासाठी मुलांचे घोळके बसत. गूगलने मात्र २०२० मध्ये या कार्यक्रमातून अंग काढून घेतले, आणि मोबाइल डेटा आता पुरेसा स्वस्त झाला आहे, हे त्यामागचे एक कारण सांगितले.

तो स्वस्त झाला होता ५ सप्टेंबर २०१६ पासून, म्हणजे रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यापासून. त्याआधी एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. जिओने ३१ मार्च २०१७ पर्यंत डेटा फुकटच वाटला, आणि त्यानंतर सर्वच कंपन्यांना दर उतरवावे लागले. दराइतकाच परिणाम आकारणीच्या नव्या घडीनेही केला. महिन्याच्या साठ्याऐवजी दिवसाला एक, दीड किंवा दोन जीबी मिळू लागले, आणि त्या दिवशी न वापरलेला डेटा मध्यरात्री बुडू लागला. त्यामुळे दिवसभर व्हॉट्सॲपपुरता फोन वापरणारा विद्यार्थी रात्री साडेअकराला हॉटस्पॉट लावून लॅपटॉपवर लेक्चरचे व्हिडिओ उतरवून घेऊ लागला. खोलीतील तिघांचे कोटे एकापाठोपाठ एक वापरण्याचीही पद्धत पडली. याच्या उलट बाजूला विंडोज होते. लॅपटॉपला हॉटस्पॉट म्हणजे घरचे वाय-फायच वाटे आणि तो निवांतपणे अपडेट उतरवायला घेई. दिवसाचा कोटा सकाळी नऊलाच संपून वेग ६४ किलोबिटवर आल्यावर त्याचा उलगडा होई. विंडोजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ची खूण करण्याची सोय २०१२ पासून आहे, पण ती बहुतेकांना असा फटका बसल्यावरच सापडते.

हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्याच्या कार्यालयांत मात्र २०२० पर्यंत फोनच्या नेटला फारसे स्थान नव्हते. कॉल सेंटर आणि तत्सम सेवांना दूरसंचार विभागाची वेगळी नोंदणी लागे, आणि कर्मचाऱ्याला घरून काम द्यायचे तर अनामत रक्कम आणि ठरावीक प्रकारची सुरक्षित जोडणी अशा अटी होत्या. महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. १३ मार्चला विभागाने या अटी शिथिल केल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. कंपन्यांनी डेस्कटॉपसुद्धा लोकांच्या घरी पोहोचवले, परंतु नव्या जोडण्यांसाठी घरोघरी जाणारी माणसे मिळेनात. तेव्हा कित्येक घरांत आईचा, वडिलांचा आणि मुलीचा असे तीन फोन तीन लॅपटॉपना नेट पुरवत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोंदणीची ती अटच रद्द झाली आणि घरून काम करणे नियमात कायमचे बसले.

आता पुण्यातील बहुतेक सोसायट्यांत फायबर पोहोचले असले तरी फोनची ही भूमिका गेलेली नाही, फक्त बदलली आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की राउटर बंद पडतो; महापालिकेच्या खोदाईत केबल तुटली तर जोडणी दोन-दोन दिवस परतत नाही. लॅपटॉपची आणि फोनची बॅटरी अशा वेळी मीटिंग तारून नेते. नोव्हेंबर २०२२ पासून शहरात फाइव्हजी मिळू लागल्यावर हॉटस्पॉटचा वेग अनेकदा घरच्या फायबरच्या बरोबरीने येतो, आणि सुरुवातीला त्यावर कोट्याची गणतीही नव्हती. जुलै २०२४ मधील दरवाढीबरोबर जिओ आणि एअरटेल यांनी अमर्याद फाइव्हजी दिवसाला दोन जीबी वा त्याहून मोठ्या पॅकपुरते मर्यादित केले. शिवाय ही अमर्यादता फोन प्रत्यक्ष फाइव्हजीवर असेपर्यंतच लागू असते. पेठेतल्या जुन्या इमारतीच्या आतल्या खोलीत, जेथे जाड भिंतींमुळे फोन गुपचूप फोरजीवर उतरतो, तेथे लॅपटॉपवर चाललेला व्हिडिओ कॉल दिवसाच्या कोट्यातूनच वजा होतो. म्हणून तेथे राहणारे फोन खिडकीत ठेवतात आणि हॉटस्पॉटने आत बसतात.