अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापकपद: पात्रता, कागदपत्रे, मुलाखत आणि व्हिसा

ग्रिनेल, कार्लटन, स्वार्थमोर, ओबर्लिन या धर्तीच्या, कला-विज्ञानाचे व्यापक पदवीशिक्षण देणाऱ्या अमेरिकन लिबरल आर्ट्स कॉलेजांत विद्यार्थी दीड ते तीन हजार, आणि जवळजवळ सगळे पदवीचे. जीवशास्त्रात पीएचडीचा कार्यक्रम नसतो. प्रयोगशाळेत मदतीला येतात ती वीस-एकवीस वर्षांची मुले. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे मुदतीचे संशोधन, करणारे आपल्याकडचे संशोधक बऱ्याचदा मोठ्या विद्यापीठांसाठी लिहिलेला अर्जच कॉलेजचे नाव बदलून इथे पाठवतात आणि पहिल्याच चाळणीत गळतात. या मुलांना शिकवणे आणि त्यांच्याच हातून संशोधन करून घेणे तुम्हाला जमेल का, एवढेच निवड समिती प्रत्येक कागदात शोधत असते.

पात्रता

जीवशास्त्रात किंवा लगतच्या विषयात पीएचडी हवी. प्रबंध सादर व्हायचा असेल तरी अनेक जाहिराती अर्ज स्वीकारतात, मात्र रुजू होण्याच्या तारखेपर्यंत पदवी मिळालेली असावी लागते. पोस्टडॉकची अट प्रत्येक जाहिरातीत नसते, तरी टेन्यूअर-ट्रॅक, म्हणजे पुढे कायम होऊ शकणाऱ्या, जागेसाठी स्पर्धेत असणाऱ्या बहुतेकांकडे तो अनुभव असतो. नेट-सेट, एपीआयचे गुण, वयोमर्यादा, अर्जाचे शुल्क यांपैकी इथे काहीही नाही.

खरी अडचण शिकवण्याच्या अनुभवाची. पीएचडी भारतात झाली असेल तर टीचिंग असिस्टंटशिप बहुधा नसतेच. मग प्रॅक्टिकल घेतले असतील, सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवले असेल, उन्हाळी विद्यार्थ्याला मार्गदर्शन केले असेल, तर ते सीव्हीत विषय, वर्ग आणि विद्यार्थिसंख्येसह लिहा. अनुभव वाढवायला जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) एखादा कोर्स शिकवण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण व्हिसा सांभाळा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर दुसऱ्या संस्थेत पगारी काम करायचे तर त्या संस्थेचा वेगळा अर्ज लागतो. जे-१ या विनिमय कार्यक्रमाच्या व्हिसावर (पोस्टडॉकना बऱ्याचदा हाच मिळतो) एखाद-दुसऱ्या व्याख्यानासाठीसुद्धा प्रायोजक संस्थेच्या जबाबदार अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.

वेळापत्रक

जाहिराती ऑगस्टपासून येऊ लागतात आणि बहुतेक मुदती सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत संपतात. त्यानंतर अर्ध्या तासाची झूम मुलाखत, मग तीन-चार उमेदवारांना कॅम्पसवर बोलावणे. ऑफर डिसेंबर ते फेब्रुवारीत येते, रुजू व्हायचे पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये. जानेवारीनंतर दिसणाऱ्या जागा बहुतांशी ‘व्हिजिटिंग’, म्हणजे एक-दोन वर्षांच्या कराराच्या असतात.

अर्जासोबतची कागदपत्रे

साधारण यादी अशी: दोन पानांचे कव्हर लेटर, सीव्ही, एक-दोन पानांचे अध्यापन निवेदन, दोन-तीन पानांचे संशोधन निवेदन, गुणपत्रकांच्या साध्या प्रती आणि तीन शिफारसपत्रे. वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना कसे सामावून घ्याल यावरचे निवेदन काही कॉलेजे मागतात, काहींनी ते अलीकडे बंद केले आहे. जाहिरातीत मागितले असेल तरच जोडा.

कव्हर लेटर लिहिण्याआधी कॉलेजचा कोर्स कॅटलॉग उघडा. जाहिरातीत ‘प्राणी शरीरक्रियाशास्त्र’ लिहिले असले तरी तिथे तुम्हाला प्रथम वर्षाचा पाया कोर्स आणि बहुधा विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठीचा एखादा कोर्सही घ्यावा लागतो. कोणते चालू कोर्स घेऊ शकाल आणि कोणता एक नवा सुरू कराल, ते नावानिशी लिहा. विभागात आधीच कोणी शिकवत असलेला विषय ‘नवा’ म्हणून सुचवला तर कॅटलॉग वाचलेला नाही, हे समितीला तिथेच कळते.

संशोधन निवेदनात सर्वाधिक फसगत होते. उंदरांवरचा पाच वर्षांचा प्रकल्प, त्याला महागडा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आणि दोन पोस्टडॉक, असा आराखडा या कॉलेजांत चालणार नाही. विद्यार्थ्याकडे आठवड्याला काही तास असतात आणि उन्हाळ्यात साधारण दहा आठवडे. फळमाशीची एक पिढी २५ अंश सेल्सिअसला सुमारे दहा दिवसांत पूर्ण होते, त्यामुळे चौदा आठवड्यांच्या सत्रात संकरापासून दुसऱ्या पिढीच्या मोजणीपर्यंत मजल जाते. उंदरांचा गर्भकाळच सुमारे तीन आठवड्यांचा, शिवाय वयात यायला आणखी सहा ते आठ. पृष्ठवंशी (पाठीचा कणा असलेला) प्राणी असल्याने झेब्राफिशलाही प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. फळमाशी, सूत्रकृमी, यीस्ट, वनस्पती यांना ती लागत नाही. पहिल्या वर्षी विद्यार्थी नेमके काय करेल, तो पदवी घेऊन गेल्यावर काम पुढच्याकडे कसे जाईल आणि कोणते उपकरण कॉलेजात आहे, कोणते घ्यावे लागेल, हे लिहिलेच पाहिजे.

शिफारसपत्रे बहुधा इंटरफोलिओसारख्या पोर्टलवरून मागवली जातात. पोर्टलची ईमेल शिफारस देणाऱ्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडते, म्हणून मुदतीच्या दहा दिवस आधी स्वतः फोन करा. तीनपैकी किमान एका पत्रात तुमच्या शिकवण्याचे प्रत्यक्ष वर्णन हवे. ‘कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ’ अशा चार ओळींचे पत्र इथे उलट शंका निर्माण करते. गाइडना तीन-चार ठोस प्रसंग लिहून द्या. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही, इकडे ती रीतच आहे.

गुणपत्रकांसाठी एफवाय ते एमएस्सीपर्यंतच्या सगळ्या मार्कशीट आणि पीएचडीचे प्रमाणपत्र एका पीडीएफमध्ये क्रमाने लावा. अर्जाला एवढे पुरते. निवड झाल्यावर मात्र विद्यापीठाकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट आणि पदवीचे समकक्षता मूल्यांकन लागते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून हे निघायला आठवडे लागतात, म्हणून ऑगस्टमध्येच अर्ज टाकून ठेवा.

मराठी नावांचा घोळ इथेच उघडा पडतो. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे; पासपोर्टवर वडिलांचे नाव ‘गिव्हन नेम’मध्ये मिसळलेले; शोधनिबंधांवर फक्त आद्याक्षरे; लग्नानंतर आडनाव बदललेले. अर्ज पासपोर्टवरच्या नावानेच करा आणि सीव्हीत ‘या नावाने प्रकाशित’ अशी एक ओळ टाका. विवाह नोंदणी दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र हाताशी ठेवा. एखादा कागद फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

कॅम्पस मुलाखत

एक ते दीड दिवस. सकाळच्या नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत कोणी ना कोणी सोबत असतेच. डीनची भेट, विभागातल्या प्रत्येकाची भेट, संशोधनावरचे व्याख्यान, विद्यार्थ्यांसोबत जेवण आणि नमुना तास. विद्यार्थ्यांचा लेखी अभिप्राय समितीपुढे जातो, तेव्हा ते जेवण हलक्यात घेऊ नका. संशोधन व्याख्यान तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजेल असे हवे.

निकाल बहुतेकदा फिरतो तो नमुना तासावर. विषय कॉलेज देते. तो मिळाल्याबरोबर ईमेलने विचारा: वर्गात किती जण, कोणत्या वर्षाचे, मागच्या आठवड्यात काय झाले, फळा आहे का. समजा विषय हार्डी-वाइनबर्ग समतोल आहे, म्हणजे जनुकाच्या दोन रूपांच्या वारंवारतेवरून लोकसंख्येतले प्रमाण काढण्याचा नियम. दहा मिनिटांत कल्पना मांडून उदाहरण द्या: लोकसंख्येत १६ टक्के व्यक्तींत अप्रभावी लक्षण दिसते, तर विषमयुग्मी (जनुकाची दोन वेगळी रूपे असलेले) किती? दोघादोघांना तीन मिनिटे द्या. काही जण १६ टक्के हीच जनुकाची वारंवारता धरतात आणि सुमारे २७ टक्के उत्तर आणतात. खरे तर १६ टक्के हा वर्ग आहे. त्याचे वर्गमूळ ०.४, दुसऱ्या युग्मविकल्पाची वारंवारता ०.६, म्हणून विषमयुग्मी २ × ०.४ × ०.६, म्हणजे ४८ टक्के. त्या चुकीच्या उत्तराचे तुम्ही काय करता, हे समिती मागच्या बाकावरून बघत असते. ‘चूक’ म्हणून पुढे जाणारा, आणि ‘१६ टक्के नेमके कशाचे?’ असे विचारून वर्गाकडूनच दुरुस्ती काढून घेणारा, यांतला फरक तिथेच दिसतो. पन्नास मिनिटांत चाळीस स्लाइड्स दाखवणारे उमेदवार सहसा या टप्प्यावर संपतात.

वय, धर्म, लग्न, मुलेबाळे यांविषयी विचारणे समितीने कटाक्षाने टाळायचे असते. अमेरिकेत काम करण्याचा परवाना आहे का आणि पुढे प्रायोजकत्व लागेल का, हे मात्र विचारता येते. उत्तर सरळ द्या.

ऑफर आणि व्हिसा

ऑफर आधी फोनवर येते. स्वीकारण्याआधी स्टार्टअप निधीची, म्हणजे प्रयोगशाळा उभारायला कॉलेज देते त्या पैशांतून काय हवे याची, यादी करा: इन्क्युबेटर, उणे ८० अंशांचा फ्रीझर, सूक्ष्मदर्शक, उन्हाळी विद्यार्थ्यांचे मानधन. निधी किती वर्षांत खर्चायचा हेही विचारा. पहिल्या वर्षी एक कोर्स कमी मिळावा ही मागणी रास्त समजली जाते. जे ठरेल ते पत्रात लिहून घ्या.

ना-नफा उच्चशिक्षण संस्था असल्याने या कॉलेजांना एच-१बीची वार्षिक मर्यादा आणि लॉटरी लागू नाही. अर्ज वर्षभर कधीही करता येतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर शिक्षणानंतर काम करण्याच्या बारा महिन्यांच्या परवानगीला (ओपीटी) विज्ञान-तंत्रज्ञान विषयांसाठीची २४ महिन्यांची स्टेम मुदतवाढ जोडता येते, पण त्यासाठी कॉलेज ई-व्हेरिफाय या कामाचा परवाना तपासणाऱ्या सरकारी प्रणालीत नोंदलेले हवे. जे-१ची दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट पूर्वी भारतीयांना कौशल्य यादीमुळे (मायदेशाला ज्यांच्या कौशल्याची गरज मानली जाते अशा क्षेत्रांची देशवार यादी) लागायची; ९ डिसेंबर २०२४ पासून भारत त्या यादीत नाही. फुलब्राइटसारखा सरकारी निधी घेतलेल्यांना ती अट अजूनही आहे.

२१ सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरच्या व्यक्तीसाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर शुल्काचा आदेश लागू झाला. अमेरिकेत राहूनच व्हिसाचा दर्जा बदलून घेणाऱ्यांना तो लागू होत नाही. छोटे कॉलेज एवढी रक्कम भरेल अशी आशा धरू नका. भारतातून थेट अर्ज करणार असाल, तर त्या आदेशाची सद्यस्थिती कॉलेजच्या एचआरकडून अर्जापूर्वीच विचारा.

ग्रीन कार्डासाठी महाविद्यालयीन शिक्षकांना ‘स्पेशल हँडलिंग’ची सवलत आहे: किमान पात्र अमेरिकन उमेदवार होता म्हणून अर्ज अडत नाही, तुम्ही सर्वाधिक पात्र होता हे दाखवले की पुरते. त्यासाठी मूळ जाहिरात राष्ट्रीय पातळीच्या व्यावसायिक नियतकालिकात आलेली असावी लागते. ती वेबवरच दिली असेल तर किमान ३० दिवस. श्रम खात्याकडचा अर्ज निवडीच्या तारखेपासून १८ महिन्यांच्या आत जावा लागतो. ही मुदत रुजू झाल्यापासून मोजली जात नाही, आणि त्याआधी श्रम खात्याकडून त्या पदाचे प्रचलित वेतन ठरवून घेण्यातच काही महिने जातात. मुदत चुकली तर भरती पुन्हा करावी लागते. म्हणून पहिल्या सत्रातच एचआरला लेखी विचारा आणि जाहिरातीची तारखेसह प्रत स्वतःकडे ठेवा.