रंगारी, कपाट आणि कोपरा: बालवाडीच्या मांडणीमागचा इतिहास

अंगणवाडी 'आदर्श' करायची ठरली की सगळ्यात आधी रंगारी येतो. बाहेरच्या भिंतीवर आगगाडी, आत अक्षरं, अंक, फळं, भाज्या, वाहनं, वार, महिने. दारावर छोटा भीम. उरल्या जागेत आहाराचं वेळापत्रक आणि वजन-उंचीचा तक्ता. खोली झगझगीत दिसते, फोटो ग्रुपवर जातात. तीन वर्षांचं मूल मात्र सतरंजीवर बसलेलं असतं. उभं राहिलं तरी त्याची उंची सव्वातीन फुटांच्या आसपास, त्यामुळे त्याच्या नजरेसमोर येतो तो भिंतीचा खालचा ऑइलपेंटचा पट्टा. चित्रं सुरू होतात त्याच्या वर, पर्यवेक्षिकेच्या आणि पाहुण्यांच्या उंचीवर.

लहान मुलांच्या वर्गात चित्रं असावीत हा विचार जुना आहे. शाळेच्या भिंती चित्रांनी सजवाव्यात, असं कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने सतराव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क इथे रॉबर्ट ओवेन या गिरणीमालकाने 1 जानेवारी 1816 रोजी कामगारांच्या मुलांसाठी संस्था उघडली, तिथल्या वर्गात प्राण्यांची चित्रं आणि नकाशे टांगले होते. मुलांना पुस्तकांनी जेरीस आणू नका, हा ओवेनचा दंडक. चित्र पाहून मूल काहीतरी विचारेल, मग त्यावर गप्पा मारायच्या, अशी ती रीत. तक्ता होता तो बोलणं निघावं म्हणून. आपल्याकडे 'अ अननसाचा' छडीने दाखवत एका सुरात म्हणवून घेतात, तेही अननस कधी बाजारात न येणाऱ्या गावात. तिथे चित्राचं काम संपलेलंच असतं.

वस्तूंची गोष्ट निराळी. जर्मनीत बाड ब्लांकनबुर्ग इथे फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने 1837 साली काम सुरू केलं आणि 1840 मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोळा, घन, मग छोटे छोटे ठोकळे अशी त्याची साधनमालिका होती. मुलांच्या हातात खेळणं हेच शिकण्याचं साधन म्हणून दिलं गेलं, ही मोठी गोष्ट. पण क्रम ठरलेला, आणि साधन मिळणार ते बाईंच्या हातून, पेटीतून. खेळून झालं की परत पेटीत.

ती पेटी उघडी पडली रोममध्ये. सान लोरेन्झो या गरीब वस्तीतल्या चाळवजा इमारतींची डागडुजी झाली होती. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरं जिने आणि भिंती खराब करतात, ही मालक कंपनीची डोकेदुखी. त्यांना एका खोलीत सांभाळायचं म्हणून 6 जानेवारी 1907 रोजी पहिलं 'बालगृह' सुरू झालं आणि ते मारिया मॉन्टेसरी या डॉक्टरबाईंकडे सोपवलं गेलं. भिंती मुलांपासून वाचवायच्या म्हणून निघालेल्या शाळेतून जगभरच्या बालशाळांची मांडणी बदलावी, यात गंमत आहे.

तिथली साधनं सुरुवातीला कुलपातल्या उंच कपाटात असत. शिक्षिका काढून देई, गोळा करून ठेवी. मॉन्टेसरीने स्वतः सांगितलेला प्रसंग असा: एक दिवस कपाट उघडं राहिलं. शिक्षिका आली तेव्हा मुलांनी आपापल्या पसंतीची साधनं काढून काम सुरू केलेलं होतं. तिला ती चोरी वाटली, शिक्षा करावी असं वाटलं. मॉन्टेसरीला दिसलं ते वेगळंच. कुठलं साधन कुठे आहे, आपल्याला कुठलं हवंय आणि ते परत कुठे ठेवायचं, हे मुलांना पक्कं माहीत होतं. मग उंच कपाट गेलं आणि मुलाचा हात पोचेल अशी बुटकी, उघडी फडताळं आली. आज आपण ज्याला कोपरा म्हणतो, म्हणजे एका प्रकारच्या साधनांची वर्गातली ठरलेली जागा, त्याचं मूळ मी तरी या फडताळात धरते. भिंतीवर मात्र मॉन्टेसरीने फार काही लावलं नाही. आवर्जून लावायला सांगितलं ते रफाएलचं माता-बालकाचं चित्र.

हे वारं आपल्याकडे भावनगरमार्गे आलं. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेकांनी 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी पुढे दादरला शिशुविहार चालवलं. 1939 मध्ये मॉन्टेसरी स्वतः मद्रासला आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि शेकडो शिक्षिका त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. पद्धत शहरी बालमंदिरांत रुजली, पण एक अडचण सुटेना. मॉन्टेसरीच्या साधनांतला गुलाबी मनोराच घ्या: एकावर एक रचायचे दहा घन, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा, सर्वांत मोठा दहाचा, कुठेही कमी-जास्त चालणार नाही. असं सुतारकाम खेड्याला परवडायचं कसं?

या प्रश्नाला खरं उत्तर मिळालं ते डहाणूजवळच्या बोर्डी गावात. 1945 साली ताराबाईंनी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, बांबू ही त्यांची साधनं. चिंचोके मोजता येतात, शिंपले आकाराने लावता येतात, पानांची जोडी जमवता येते. पाहावं, मोजावं, निवडावं हे मॉन्टेसरीचं तत्त्व तसंच राहतं आणि खर्च उरत नाही. तुटलं तर दुसरं आणायला समुद्र आणि रान जवळच.

आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावर गेली. कोणाच्या तरी अंगणात, झाडाखाली मुलं जमवायची, ही अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी चराईच्या जागी कुरणशाळा. या दोन्ही ठिकाणी भिंतच नव्हती! शिक्षिका येताना सामान घेऊन येणार, किंवा तिथलंच उचलणार. आणि ज्या घरांतून ही मुलं येत त्या वारली घरांच्या भिंतींवर लग्नात तांदळाच्या पिठाने चौक रेखला जात होताच. मुलांना चित्र नवं नव्हतं. आज त्याच डहाणू-तलासरी भागात एखाद्या बालवाडीच्या भिंतीवर सफरचंद आणि इग्लू दिसला की नवल वाटतं.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रातली धारावी आणि मेळघाटातलं धारणी त्यांत होतं. अंगणवाडी हे नाव देशभर गेलं, पण काम बदललं: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणं), आरोग्य-आहार शिक्षण आणि या पाच सेवांच्या जोडीला अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. कुपोषणाची निकड पाहता हा क्रम चुकीचा म्हणवत नाही. पण सेविकेचा दिवस वजनं, आहारवाटप आणि रजिस्टरांत जाऊ लागला आणि भिंत योजनेची माहिती देण्याची जागा झाली. माहिती मोठ्यांसाठी, म्हणून उंचीही मोठ्यांची.

नंतरची 'बाला' ही कल्पना, म्हणजे इमारतच शिकण्याचं साधन, हे चित्र बदलू शकली असती. वास्तुविशारद कबीर वाजपेयी यांच्या 'विन्यास' या संस्थेने युनिसेफच्या मदतीने ती मांडली आणि सर्व शिक्षा अभियानातून ती शाळाशाळांत पोचली. दार उघडताना कोन दिसावा म्हणून दाराखाली फरशीवर अंश आखायचे, खिडकीच्या गजांत मणी ओवायचे, मुलांना गिरगटायला भिंतीचा खालचा भाग फळ्यासारखा करायचा, फरशीवर खेळ आखायचे. म्हणजे हात लावायची इमारत. आपल्याकडे तिचं झालं 'बोलक्या भिंती'. गज, फरशी, दार मागे पडलं आणि रंगारी तेवढा उरला. लोकवर्गणी जमवायची, रंग काढायचा, आयएसओचं प्रमाणपत्र लावायचं, असा एक काळच येऊन गेला. सक्षम अंगणवाडीच्या आताच्या योजनेत दोन लाख केंद्रांच्या सुधारणेच्या यादीत एलईडी पडदा, पाणी शुद्धीकरण यंत्र यांच्यासोबत 'बाला' चित्रकाम आहे. शब्द 'चित्रकाम' हाच.

भिंत भरली की शिकणं वाढतं, हा समजही तपासला गेला आहे. अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात फिशर, गॉडविन आणि सेल्टमन यांनी बालवर्गातल्या 24 मुलांना काही पाठ सजवलेल्या आणि काही मोकळ्या वर्गात दिले. 2014 मध्ये आलेला निष्कर्ष असा: मोकळ्या वर्गात शिकवलेल्या भागावरची 55 टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्या वर्गात 42 टक्के. लक्ष विचलित होण्याचा वेळही सजवलेल्या वर्गात जास्त. मुलं थोडी, वर्ग प्रयोगशाळेतला, त्यामुळे यावरून भिंती पांढऱ्या करून टाका असं कोणी म्हणू नये. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या बालशाळांनी वेगळी वाट दाखवली आहे. तिथे भिंतीवर असतं ते मुलांचं स्वतःचं काम आणि काम करताना ती काय बोलली ते. या शाळांना दिशा देणारे लोरिस मालागुझी आणि त्यांचे सहकारी परिसराला तिसरा शिक्षक म्हणत.

कोपऱ्यांना कार्यक्रमाची शिस्त दिली ती अमेरिकेतल्या इप्सिलांटी गावात 1962 मध्ये सुरू झालेल्या पेरी बालशाळेच्या प्रयोगाने. त्यातूनच हायस्कोप पद्धत उभी राहिली. मूल आधी सांगतं, मी ठोकळ्यांकडे जाणार. मग जातं, खेळतं, आणि शेवटी काय केलं ते सांगतं. हे आधीचं आणि नंतरचं बोलणं वगळलं की बाहुलीघर, वाचन कोपरा, विज्ञान कोपरा या नुसत्या पाट्या राहतात. अनेक खासगी नर्सरींत त्या अगदी देखण्या असतात आणि मुलं तिथे फक्त पालकसभेच्या दिवशी बसतात.

2014 ची बालशिक्षणाची राष्ट्रीय चौकट आणि 2022 ची पायाभूत स्तराची चौकट, दोन्हींत कोपरे आहेत. मांडणी मुलाच्या नजरेच्या उंचीवर असावी, हेही आहे. अडतं ते जागेवर आणि जबाबदारीवर. अंगणवाडीच्या इमारतीचं किमान क्षेत्र 600 चौरस फूट ठरवलेलं आहे, पण शहरी वस्त्यांत भाड्याच्या लहान खोल्यांत केंद्रं चालतात आणि खिळा ठोकायला घरमालकाला विचारावं लागतं. अशा खोलीत चार कायमचे कोपरे मांडण्यापेक्षा रोज दोन चटया अंथरून दोन टोपल्या काढणं आणि दर पंधरवड्याला टोपलीतलं सामान बदलणं जमण्यासारखं आहे. काही सेविका तेच करतात. उरतो साठा नोंदवहीचा प्रश्न. सरकारी संचातले ठोकळे हरवले, बाहुली फाटली की उत्तर सेविकेला द्यावं लागतं. म्हणून संच पिशवीसकट कपाटात आणि कपाटाला कुलूप. खेळून झिजलेली, तुटलेली साधनं दरवर्षी बिनचौकशी निर्लेखित करता येतील, म्हणजे नोंदवहीतून कमी करता येतील, एवढं एक पत्रक निघालं तर कोपऱ्यांसाठी नवा रंगारी लागणार नाही.