अलिबागची चुंबकीय वेधशाळा

सूर्यावरील घडामोडींमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात रोज होणारे बदल नोंदवणारी रायगड जिल्ह्यातील वेधशाळा. मुंबईत कुलाब्याला १८४१ मध्ये सुरू झालेले वेध येथे १९०४ पासून चालू आहेत. इतकी लांब भूचुंबकीय नोंद जगात मोजक्याच ठिकाणी आहे.

अलिबागला क्षेत्राचा आडवा घटक, म्हणजे जमिनीला समांतर असलेला भाग, सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) असतो. सूर्य शांत असतानाही तो दुपारच्या सुमारास थोडा चढतो आणि पुन्हा उतरतो, कारण उन्हाने आयनीभूत झालेल्या वरच्या हवेत विद्युत्प्रवाह वाहतात. चुंबकीय वादळाची तऱ्हा वेगळी. सूर्याच्या प्रभामंडलातून, म्हणजे बाह्य वातावरणातून, उसळलेला प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा तप्त वायू) साधारण १ ते ३ दिवसांत पृथ्वीपर्यंत येतो. त्याचे चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असले, तर पृथ्वीभोवती पश्चिमेकडे वाहणारा विजेचा वलयप्रवाह बळावतो आणि जमिनीवरचा आडवा घटक घसरतो. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यापासून आणि विषुववृत्तावर वरच्या हवेत वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहापासूनही अलिबाग दूर असल्याने ही घसरण येथे स्पष्ट दिसते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यडागांजवळ प्रखर ज्वाला पाहिली. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास वादळ पृथ्वीवर आदळले. कुलाब्याच्या निरीक्षकांनी तेव्हा उपकरणाचे आकडे डोळ्यांनी वाचून दर काही मिनिटांनी वहीत उतरवले. छायाचित्रण पद्धतीची नोंद अजून यायची होती. त्या वहीत आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळलेला दिसतो. ही सगळी घट वलयप्रवाहाचीच होती का, यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण कमी अक्षांशावरून त्या वादळाचा असा तपशीलवार पुरावा दुसरा नाही, आणि तो त्या निरीक्षकांच्या चिकाटीमुळे उरला.

पुढे मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर नेण्याचे ठरले. त्या विजेच्या प्रवाहांनी नोंदी बिघडल्या असत्या. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडचे अलिबाग निवडले. इमारत पोरबंदरच्या अचुंबकीय दगडाची. लोखंडाऐवजी तांबे, पितळ व कासे वापरले. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन आकड्यांचा सांधा जुळवला गेला. मालिका सलग मानता येते ती या दोन वर्षांमुळेच.

आता वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. सौरवाऱ्याची, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या प्रवाहाची, आगाऊ चाहूल पृथ्वीपासून १५ लाख किमी.वरील भारताच्या आदित्य-एल१ सारखी अंतराळयाने देतात; ते यान जानेवारी २०२४ मध्ये तेथे पोहोचले. त्याच वर्षी १० मे रोजी मोठे वादळ आले आणि लडाखमधील हानले येथे रात्रीचे आकाश ध्रुवीय प्रकाशाने लाल झाले.