उलाळ गाडी आणि एसयूव्हीचा हूक

विट्याहून पुतण्याचा फोन आला. शर्यतीची खिलार जोडी न्यायला त्याला बंद ट्रेलर बांधून घ्यायचाय आणि तो ओढायला घरचीच एसयूव्ही हवीय. पुढं घरची सात माणसं, मागं बैल. ऑस्ट्रेलियात घोडे असे नेतात, हे त्यानं व्हिडिओत पाहिलंय. "काका, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळाचा जोर, किती बघू?" एवढाच प्रश्न.

टॉर्क चढाला लागतो, खरं आहे. पण जाहिरातीतला तो आकडा ट्रेलर सरळ चालेल का, हे सांगत नाही. आपल्या आजोबांना ते ठाऊक होतं. बैलगाडीत माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची, जू वर उचललं जायचं, बैलांचा गळा आवळायचा. पुढं जास्त झाला तर धुरजड, सगळा भार मानेवर. म्हणून भार आखाच्या जरासा पुढं राहील असा माल रचत.

ट्रेलरचंही तसंच. बैलांसकट वजन २००० किलो, आखापासून हूक ४ मीटर आणि वजनाचा मध्य आखाच्या अर्धा मीटर पुढं धरा. मग हूकवर २५० किलो येतात, म्हणजे साडेबारा टक्के. अमेरिकेत १० ते १५ टक्के योग्य मानतात. आता बैल साठ सेंटिमीटर मागं सरकले, तर त्यांच्या ९०० किलोंमुळे हूकवरचे १३५ किलो कमी होतात. उरले ११५. ट्रेलर उलाळीकडे झुकला. म्हणून बैलांच्या मागं पक्का आडणा हवाच.

उलाळ ट्रेलर शेपूट का हलवतो, हा माझा सर्वांत आवडता भाग. मागचं ओझं डावीकडे फेकलं गेलं की चाकांचा टेकू होतो आणि ट्रेलरचं नाक उजवीकडे रेटतं, सोबत एसयूव्हीचा मागचा भागही. झोका सुरू होतो. तो शमवतात ट्रेलरचे टायर. ट्रेलर वळताना टायर आडवा सरकू पाहतो आणि रस्ता त्याला विरोध करतो. हा विरोध ठरतो टायरच्या तिरकेपणावर (टायरचं तोंड एका दिशेला, चाल जराशी दुसऱ्या दिशेला), आणि झोक्यामुळे येणारा तिरकेपणा म्हणजे आडवा वेग भागिले पुढचा वेग. भागाकारात खाली गाडीचा वेग आहे! ताशी ४० ला जेवढं शमन मिळतं, त्याच्या निम्मंच ८० ला. ट्रेलरला सरळ आणणारं बल मात्र तेवढंच राहतं. म्हणजे स्प्रिंग तशीच, शॉकअप निकामी. एका वेगापलीकडे प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा होतो. जड सामान दोन्ही टोकांना ठेवलं तर आणखी वाईट, कारण फिरण्याचं जडत्व अंतराच्या वर्गानं वाढतं.

बंद पेटीला वाराही लागतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. शेजारून भरधाव बस गेली तरी पहिला झोका मिळतो.

सातारा-पुणे रस्त्यावर खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना जे एस वळण लागतं, तिथल्या अपघातांनंतर "त्या जागेत काहीतरी आहे" असं म्हणणारी माणसं मी ऐकली आहेत. जागेत उतार आहे, वळणं आहेत आणि वाहनांना वेग आहे. लिंबू-मिरचीनं त्यातलं काहीच कमी होत नाही. ट्रेलर डोलू लागला तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा, ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर फक्त तेच लावा. वेग वाढवून झोका मोडायला जाऊ नका.

आता एसयूव्ही. लॅडर फ्रेम (शिडीसारखी पोलादी चौकट), लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) आणि मागच्या चाकांपासून हूक जवळ, अशी हवी. पावणेतीन मीटर व्हीलबेस आणि सव्वा मीटर मागं हूक असेल तर २५० किलोंमुळे पुढच्या चाकांवरचा सुमारे ११४ किलो भार कमी होतो, आणि स्टीअरिंग तीच चाकं करतात. टोयोटाच्या लँड क्रूझर ३०० ला ऑस्ट्रेलियात ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी ३५०० किलोंची मर्यादा आहे. पण आपल्या गाडीच्या इथल्या मॅन्युअलमध्ये आकडा नसेल, तर परदेशातला गृहीत धरू नये. शिवाय हूकवरचा भार माणसांच्या भारातच मोजायचा. सात जणांचे साडेचारशे अधिक अडीचशे, म्हणजे सातशे किलो. बऱ्याच एसयूव्हींची क्षमता इथंच संपते. पुतण्याला सांगितलं, दोघं-तिघं दुसऱ्या गाडीनं या.

आणि ट्रेलर बांधून झाला की बैलांसकट वजनकाट्यावर ने. आधी हूक सोडून सगळा ट्रेलर तोल. मग हूक जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर ठेव. दोन आकड्यांतला फरक म्हणजे हूकवरचा भार.